‘माझ्याकडे तर लिंक उघडते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एआय चित्र-जनरेटरला नमुन्याचा फोटो (रेफरन्स इमेज) लिंकने कसा द्यायचा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया बोचली, कारण ती निम्मी खरी आहे. तुमचं म्हणणं असं: ‘तुम्ही लिहिलंत, रेफरन्स इमेजची लिंक ब्राउझरमध्ये उघडून बघा, उघडली की झालं. माझी उघडते, फोटो दिसतो, तरी टूल “इनव्हॅलिड लिंक” म्हणतं. दोन तास वाया. त्यापेक्षा फाइल अपलोड करा, एवढंच सांगायचं होतं.’

‘उघडली की झालं’ हे मी लिहिलं ते चूकच. लेखातलं ते वाक्य बदललंय.

तुमच्या ब्राउझरला तुम्ही कोण ते ठाऊक असतं. तुम्ही लॉग-इन असता, कुकीज (ब्राउझरमधल्या ओळखीच्या खुणा) असतात, म्हणून प्रायव्हेट फोटोही निमूट दिसतो. जनरेटरचा सर्व्हर मात्र त्याच पत्त्यावर परका म्हणून जातो, आणि त्याच्यापुढे लॉग-इनचं पान येतं. तेव्हा लिंक इनकॉग्निटो विंडोत (जिथे तुमचं लॉग-इन नसतं) तपासायची, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

तुमचा घोळ मात्र बहुतेक वेगळाच आहे. तुम्ही दिलेली लिंक गूगल ड्राइव्हची आहे आणि तिच्या शेवटी ‘व्ह्यू’ आहे. ती उघडल्यावर वर फाइलचं नाव आणि डाउनलोडचं बटण दिसतं ना? मग तो फोटो नव्हे, फोटो दाखवणारं पान आहे. सर्व्हर ‘२००, सगळं ठीक’ असं उत्तर देतो, पण कन्टेन्ट-टाइपमध्ये (काय पाठवलंय ते सांगणाऱ्या नोंदीत) ‘इमेज/जेपेग’ऐवजी ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ येतं. टूलने चित्र मागितलं, हाती पान पडलं. शेअरिंग ‘एनीवन विथ द लिंक’ केलंत तरी पान ते पानच. ड्रॉपबॉक्सला यावर उतारा आहे: लिंकच्या शेवटी ‘डीएल=०’ असतं, ते काढून इंग्रजी अक्षरांत ‘रॉ=१’ लिहायचं. बाकी ठिकाणी फोटोवर राइट-क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडा. आजूबाजूला एकही बटण नको, नुसतं चित्र हवं. आणि तो नवा पत्ता पुन्हा इनकॉग्निटोत टाकून बघाच, कारण कधी कधी तोही लॉग-इनच्याच जिवावर चालत असतो.

काल चाललेली लिंक आज मेली, असं झालं तर आधी ती कुठली ते बघा. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर टाकलेल्या फाइलची लिंक बाहेर वापरली तर साधारण २४ तासांत संपते. २०२३ च्या अखेरीस त्यांनी तसा बदल जाहीर केला होता. डिस्कॉर्डच्या आत तोच फोटो व्यवस्थित दिसत राहतो, म्हणून संशयच येत नाही.

आपल्या लोकांची एक खास अडचण म्हणजे फाइलचं मराठी नाव. लिंकमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसकट नऊ अक्षरांचं होतं. ‘आजी’ म्हणजे आ, ज आणि दीर्घ ईची वेलांटी, मिळून २७ अक्षरं. नियमात हे बसतं, पण काही टूल्स यावर अडखळतात. नावात स्पेस असेल तर आणखी वाईट: प्रॉम्प्टमध्ये (टूलला लिहून दिलेल्या सूचनेत) लिंक तिथेच तुटते. मी तर एकदा लिंकच्या शेवटी चिकटलेल्या स्वल्पविरामापायी अख्खी संध्याकाळ घालवलीय, तेव्हा तुमच्या दोन तासांचं दुःख मला कळतं. फाइलला साधं इंग्रजी नाव द्या, आणि मिडजर्नी या चित्र-जनरेटरमध्ये इमेज प्रॉम्प्टची, म्हणजे नमुन्याच्या फोटोची, लिंक सगळ्यात आधी, मग स्पेस, मग मजकूर.

आता अपलोडबद्दल. एकच फोटो असेल तर तुमचं शंभर टक्के बरोबर, लिंकच्या वाटेला जाऊच नये. पण स्क्रिप्टमधून (आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून) पन्नास प्रॉम्प्ट सोडणाऱ्याला लिंकच सोयीची पडते, आणि मुळात लेख त्यांच्यासाठी होता. (हे वरती ठळक लिहिलं नव्हतं, तीही माझीच चूक.) शिवाय अपलोडही कधी फसतं: आयफोनचा फोटो बहुधा हेइक (एचईआयसी) या फाइल-प्रकारात असतो आणि काही टूल्स तो घेत नाहीत. नाव बदलून ‘जेपीजी’ केल्याने आतली फाइल बदलत नाही, ती कन्व्हर्टच करावी लागते.

इनकॉग्निटोची चाचणीही एका जागी फसते. काही साइट्स माणसाच्या ब्राउझरला चित्र देतात, पण दुसऱ्या सर्व्हरने मागितलं की ‘४०३’ (परवानगी नाही) म्हणून दार लावतात. तुमच्या बाजूने सगळं ठाकठीक दिसतं. तिथे लिंकशी झटापट करू नका. फोटो तुमचा असेल तर दुसरीकडे ठेवा.

तुमची लिंक इनकॉग्निटोत उघडून काय दिसतं ते कळवा: लॉग-इन, बटणांसकट पान, की नुसता फोटो? नुसता फोटो दिसत असेल तर एरर मेसेज जसाच्या तसा पाठवा.