नुसती शेपटी

ट्रेल कॅमेरा म्हणजे झाडाच्या खोडाला पट्ट्याने बांधून ठेवायचा, पानापानांच्या नक्षीचा एक चौकोनी ठोकळा. समोरून काही जिवंत गेलं की तो आपला आपण फोटो काढतो आणि पुन्हा झोपतो. काम बघितलं तर एवढंच. पण त्यातला स्वस्तातला आणि तरी बरा असा एक निवडायला बसलं की माणसाचं काय होतं ते आमच्या घरच्यांना विचारा, गेले काही महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज फक्त ट्रिगर स्पीडच, म्हणजे कॅमेरा किती चटकन फोटो काढतो तेच, वाढला जातोय.

आता मुळात मी शिकारी नाही. मला झुरळ मारायचं असलं तरी कोणालातरी हाक मारावी लागते. मला फक्त घरामागच्या झाडीत रात्री येऊन खड्डे कोण करतं आणि पहाटे ती खसफस कोणाची, एवढं बघायचं होतं. पण हे कॅमेरे निघाले हरणांच्या शिकाऱ्यांसाठी, म्हणजे हरणं कुठल्या वाटेने कधी जातात ते आधीच बघून ठेवायला, त्यामुळे शोधायचं तर 'हंटिंग कॅमेरा' म्हणूनच शोधावं लागतं, आणि एकदा ते शोधलं की फोनची खात्रीच पटते की या घरात शिकारी जन्माला आलाय. मग मला झुडपासारखे दिसणारे कपडे, मचाणं, कसलेकसले पट्टे, आणि शेवटी हरणीच्या मुताची बाटली दिसायला लागली. हो, ती खरंच विकत मिळते, नराला जवळ बोलवायला वापरतात. बायकोला माझ्या फोनवर नेमकी तीच बाटली दिसली आणि मी जे काही स्पष्टीकरण दिलं त्याने प्रकरण आणखीनच चिघळलं.

त्यात मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, त्याला जगातल्या प्रत्येक वस्तूतलं कळतं. "भाऊजी, बाकी काही बघू नका, मेगापिक्सेल बघा." मी बघितले. २४, ३६, ४८. किंमत जितकी उतरेल तितके मेगापिक्सेल चढत होते, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. मग जरा खोलात गेल्यावर कळलं की स्वस्त कॅमेऱ्यात आतला खरा सेन्सर बऱ्याचदा तीन-चार-पाच मेगापिक्सेलचा असतो, फार तर आठ, आणि बाकीचे ठिपके कॅमेरा आजूबाजूच्या ठिपक्यांकडे बघून मनाने भरतो. इंटरपोलेशन म्हणतात त्याला. निबंधाला दोन पानं हवीत म्हणून पोरं अक्षर मोठं काढतात ना, तेच. मजकूर तेवढाच. फक्त फाईल मोठी होते, कार्ड लवकर भरतं आणि आपल्याला वाटतं वा काय फोटो आहे. हे मी मेव्हण्याला सांगितलं तर म्हणे, "पण भाऊजी, ४८ ते ४८च ना."

खरी गंमत ट्रिगर स्पीडची आहे आणि ती खोक्यावर अगदी बारीक अक्षरात असते. प्राणी समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंत जो वेळ जातो तो हा. चांगल्या कॅमेऱ्यात सेकंदाचा पाव-अर्धा भाग, गरीब कॅमेऱ्यात सेकंद किंवा त्याच्याही पुढे. आता सेकंद म्हणजे काय हो, असं आपल्याला वाटतं, पण रमतगमत चाललेलं जनावरसुद्धा सेकंदात मीटरभर पुढे जातं आणि पळत असेल तर विषयच संपला. मग येतो तो फोटो म्हणजे उजव्या कोपऱ्यात नुसती शेपटी. अशा शेपट्यांचे फोटो मी इतके बघितलेत की आता शेपटीवरून मी जात, वय आणि स्वभाव सांगू शकतो. वर परत रिकव्हरी टाईम म्हणून एक भानगड, म्हणजे एक फोटो काढल्यावर कॅमेरा दम खायला किती वेळ घेतो. आई गेली, मागून तीन पिल्लं रांगेत गेली, आणि आपल्या हाती आईची शेपटी, कारण पिल्लांच्या वेळी साहेब फोटो कार्डावर लिहून ठेवत होते.

पूर्वी बरं होतं असं म्हणायची मला सवय नाही, पण पूर्वी जरा सरळ होतं. अमेरिकेत जॉर्ज शिरास नावाचा एक वकील होता, पुढे तिथल्या संसदेतही गेला, आधी शिकारी, मग बंदूक ठेवून कॅमेरा धरलेला. त्याने जंगलात दोरी लावून ठेवायची, जनावराने ती ओढली की फ्लॅशची पूड भपकन पेटायची आणि फोटो निघायचा. जुलै १९०६ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने त्याचे ७४ फोटो एकदम छापले. आपल्या इकडे कुमाऊंच्या जंगलात १९२०च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वन अधिकाऱ्याने तसंच वाघाकडून स्वतःचे फोटो काढून घेतले, वाघाचा पाय तारेवर पडला की झालं. मी विचार करतो, या दोघांना कोणी भेटून "किती मेगापिक्सेल?" विचारलं असतं तर त्यांनी त्याला त्या तारेवरूनच चालायला लावलं असतं.

आजच्या कॅमेऱ्यात तारेच्या जागी पीआयआर सेन्सर असतो. तो हालचाल बघत नाही, उष्णता हललेली बघतो, म्हणजे आजूबाजूपेक्षा गरम काहीतरी त्याच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेलं की तो उठतो. त्यामुळे आडवं जाणारं जनावर त्याला पटकन कळतं आणि सरळ त्याच्याकडे चालत येणारं उशिरा कळतं, म्हणून कॅमेरा वाटेला काटकोनात न लावता जरा तिरका लावायचा, म्हणजे जनावर आडवंही जातं आणि चौकटीत जास्त वेळही राहतं. भर उन्हाळ्यात हवा अंगाइतकी तापली की बिचाऱ्याला हवा कुठली आणि जनावर कुठलं तेच कळेनासं होतं. आणि उन्हात तापलेली फांदी वाऱ्याने हलली की मात्र लगेच कळतं! त्याला वाटतं आलं काहीतरी. एका वादळी दुपारी आमच्या कॅमेऱ्याने एकाच गवताच्या झुबक्याचे शेकडो फोटो काढले, प्रत्येक कोनातून. लग्नात आमचे एवढे काढले नव्हते.

रात्रीच्या फ्लॅशवरून घरात दोन तट पडले. एक असतो ८५० नॅनोमीटरचा (ही त्या उजेडाच्या लहरीची लांबी), तो लांबपर्यंत उजेड पाडतो पण पेटला की बारीक लाल ठिपके दिसतात. दुसरा ९४० चा, नो-ग्लो, डोळ्यांना जवळपास काहीच दिसत नाही पण उजेडही जवळच पडतो आणि फोटो जरा कोळशातून काढल्यासारखा येतो. दोन्हीत फोटो काळा-पांढराच. मेव्हण्याच्या मते जनावराला लाल ठिपके दिसले की ते कायमचं गाव सोडून जाणार. माझं म्हणणं असं की शिकाऱ्याला किंवा चोराच्या भीतीने कॅमेरा लपवणाऱ्याला नो-ग्लो घेऊ दे, मला लांबचं दिसू दे. शेवटी मेव्हण्याने मित्राचा ८५० वाला कॅमेरा प्रयोगासाठी आणला. दिवे बंद करून आम्ही सगळे अंगणात त्या ठोकळ्याकडे टक लावून उभे राहिलो, ठिपके दिसतात का बघायला. दिसले, अगदी मंद, आणि त्याच क्षणी फोटोही निघाला. त्या फोटोत मी, बायको, मेव्हणा आणि सासूबाई ओळीने उभे आहोत, सगळ्यांचे डोळे पांढरे चमकतायत, तोंडं उघडी. सासूबाईंनी तो डिलीट करायला सांगितलाय. मेव्हण्याने तो आधीच फॅमिली ग्रुपवर टाकला होता.

आणि सेल! स्वस्त कॅमेरा स्वस्त असतो तो सेल घालेपर्यंत. आत आठ पेन्सिल सेल लागतात, काहींना चार पुरतात, काहींना बारा. पहिल्याच आठवड्यात टीव्हीचा रिमोट, एसीचा रिमोट आणि भिंतीवरचं घड्याळ हे सगळे दगावले. चार्जिंगचे सेल घालायचे म्हटलं तर ते १.२ व्होल्टचे आणि साधे १.५ चे, त्यामुळे काही कॅमेरे पूर्ण भरलेले सेल घातल्या घातल्याच बॅटरी लो म्हणून रडायला लागतात. लिथियमचे एकदम झकास, हलके, कडाक्याच्या थंडीतही चालतात, पण त्यांचा एक सेट घ्यायचा म्हणजे खिशातल्या हिशोबाला कॅमेऱ्याचं सख्खं भावंडच जन्माला येतं. म्हणून मी म्हणतो, खोक्यावरची किंमत बघायचीच नाही, वर्षभराचे सेल त्यात मिळवायचे आणि मग ठरवायचं कोण स्वस्त. बाहेरून मोठी बॅटरी किंवा सोलर पॅनेल जोडायला भोक असेल तर त्या कॅमेऱ्याला माझ्याकडून दोन मार्क जास्त.

मेमरी कार्डाचंही तसंच. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांना ३२ जीबीच्या वरचं कार्ड पचत नाही, आपण उदार मनाने १२८ घातलं की स्क्रीनवर 'कार्ड एरर'. आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, कॉम्प्युटरवर नाही, म्हणजे कटकटी कमी.

सिमकार्डवाल्या कॅमेऱ्याच्या वाटेला मी गेलोच नाही. तो जंगलातून थेट फोनवर फोटो पाठवतो, त्याला महिन्याचा प्लॅन लागतो, रेंज लागते, आणि रात्री अडीचला "हालचाल आढळली" म्हणून फोन थरथरला की आपणच आधी हलतो. शिकारीत तर यावरून मोठं भांडण आहे, कारण खुर्चीत बसून हरिण कुठे आहे ते बघायचं आणि मग जायचं याला शिकार म्हणायची का. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामाला ट्रेल कॅमेरा वापरण्यावर बंदीच आणली, सिमवाला असो नाहीतर साधा. नेव्हाडा आणि युटामध्ये वर्षातल्या ठरावीक महिन्यांत निर्बंध आहेत. म्हणजे जिथे शिकार चालते तिथेही आधी नियम वाचा आणि मग पट्टा आवळा.

शेवटी मी घेतला तो एक मागच्या वर्षीचा मॉडेल, नवा आल्यामुळे उतरलेला. मेगापिक्सेल कमी, ट्रिगर चपळ, ८५० चा फ्लॅश, बाहेरच्या बॅटरीचं भोक. मेव्हणा आठवडाभर बोलला नाही. कॅमेरा कमरेच्या खाली, तोंड उत्तरेकडे, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा सूर्य थेट लेन्समध्ये घुसत नाही (पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात राहत असाल तर दक्षिणेकडे करा). समोरचं गवत कापलं. कोळ्याचं मात्र काही करता येत नाही, त्याला लेन्ससमोरची जागा फार आवडते, आणि रात्री फ्लॅश पडला की जाळ्याचा एक धागा असा पांढराशुभ्र लखलखतो की सासूबाईंनी तो फोटो बघून देवाला दिवा लावला.

मग एका रात्री तो आला. पूर्ण आला, डोक्यापासून शेपटीपर्यंत, फोटोखाली तारीख १ जानेवारी आणि वेळ दुपारचे बारा, बाहेर काळोख, कारण सेल बदलले की घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. पाठ कमानदार, दोन डोळे चमकतायत, बाकी सगळं राखाडी. मेव्हणा म्हणाला बिबट्याचं पिल्लू. बायको म्हणाली मांजर. शेजारचे काका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले साळिंदर, काटे पडले असतील. मुद्दा असा की अशा फोटोत बाजूला काही ओळखीचं नसेल तर आकार कळतच नाही, जवळचं मांजर आणि लांबचा बिबट्या सारखेच दिसतात. म्हणून मी एक सरळ काठी घेतली, तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या फुटावर पांढऱ्या रंगाचे पट्टे मारले, आणि तो गेला त्याच जागी रोवली. आता ये म्हणलं.

आला. पहिल्या फोटोत तो काठी हुंगतोय. दुसऱ्यात अंग घासतोय. तिसऱ्यात काठी तिरकी. त्यानंतर सकाळपर्यंतच्या सगळ्या फोटोंमध्ये काठी जमिनीवर आडवी आणि तो तिच्या शेजारी खड्डा करतोय, आमच्याकडे पाठ करून, अगदी निवांत.

मी डोक्याला हात लावून बसलो तर बायकोने फोटो मोठा करून बघितला. "अहो, उंची नाही तर नाही," ती म्हणाली, "लांबी मोजा."