के. 545: मोझार्टने खरंच श्रम वाचवले का?

मोझार्टच्या के. 545 (क्योशेल सूचीतला क्रमांक) या पियानो सोनाटावर मी जे लिहिलं, त्यावरच्या तुमच्या आक्षेपांना हे उत्तर. पहिला आक्षेप रिकॅपिट्युलेशनबद्दल, म्हणजे सुरुवातीच्या थीम शेवटी परत येतात त्या भागाबद्दल, आणि टॉनिकबद्दल, म्हणजे रचनेच्या मूळ पट्टीबद्दल. तो मान्य. 'रिकॅपिट्युलेशनमध्ये पहिली थीम टॉनिकमध्येच परतते' हे माझं वाक्य चुकलं, 'बहुधा' हवं होतं. या सी मेजर सोनाटाच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये ती बार (तालाचा एक आवर्तन-खंड) 42 ला एफ मेजरमध्ये, म्हणजे सबडॉमिनंटमध्ये (मूळ सुरापासून चौथ्या सुराच्या पट्टीत) येते.

पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. तुम्ही म्हणता, एक्स्पोझिशन (थीम पहिल्यांदा मांडणारा भाग) सीकडून जीकडे जातं. तेच अख्खं एफवर सरकवलं की दुसरी थीम आपोआप सीमध्ये पडते, म्हणजे मोझार्टने श्रम वाचवले. तसं असतं तर दोन्ही भाग सारख्या लांबीचे निघाले असते. एक्स्पोझिशन 28 बारचं आहे, रिकॅपिट्युलेशन (42 ते 73) 32 बारचं. जास्तीचे चार बार सापडतात 50 ते 53 मध्ये: तिथे धावत्या स्केल डाव्या हाताकडे जातात. त्यानंतरचा अर्धविराम (हाफ केडन्स, म्हणजे वाक्य अर्ध्यावर थांबल्यासारखा ठहराव) बार 11-12 सारखाच जीवर आहे. नुसतं सरकवलं असतं तर तो सीवर आला असता. दुसरी थीम (बार 59) सीमध्ये तरीही आली असती, पण सीच्या स्वतःच्या डॉमिनंटवरून (पाचव्या सुरावरून, म्हणजे जीवरून) नव्हे. फुकट मिळणारी वाट सोडून त्याने चार बार नवे लिहिले. (नवशिक्यांसाठीची रचना म्हणून घाईत लिहिली, हेही गृहीतकच. त्याने स्वतः ठेवलेल्या रचनांच्या सूचीत 26 जून 1788 या एकाच तारखेला या सोनाटाबरोबर ई फ्लॅट मेजर सिम्फनीचीही नोंद आहे, म्हणजे नुसत्या तारखेवरून घाई ठरत नाही.)

आता तुमचा दुसरा मुद्दा, बार 3 मधले समांतर अष्टक (दोन ओळींनी एका सप्तकाच्या अंतराने तेच सूर जोडीने घेणं, जे दोष मानलं जातं). तुम्ही बरोबर ऐकलंत: मेलडी ए-जी, आणि डाव्या हातातही ए-जी. डाव्या हाताचे अल्बर्टी गट (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवलेले) एकत्र करून कॉर्ड म्हणून वाजवा: सी-ई-जी दोनदा, मग डी-एफ-जी, सी-ई-जी, सी-एफ-ए, सी-ई-जी, बी-डी-जी, सी-ई-जी. तीन ओळी दिसतील आणि एकही ओळ एका पायरीहून जास्त हलत नाही. मधल्या ए-जीने मेलडीला क्षणभर खालच्या सप्तकातून साथ दिली, इतकंच. खरी बाहेरची जोडी बास आणि मेलडी. बास (सर्वात खालची ओळ) सीवर स्थिर आहे, त्यामुळे मेलडीचं त्यापासूनचं अंतर आधी सहावं, मग पाचवं; अष्टक नाही.

काळजी मोझार्टने घेतली ती लीडिंग टोनची (मूळ सुराकडे खेचणारा सातवा सूर, इथे बी). बार 2 मध्ये मेलडीत बी आहे, म्हणून डाव्या हातात तो नाही. बार 4 मध्ये बी बासमध्ये उतरतो, तेव्हा मेलडी एफवरून ईवर येते. बार 2 मध्ये डी-एफ-जीऐवजी बी-डी-जी वाजवून पाहा: बास आणि मेलडी दोघंही बीवरून सीवर जातील. तुम्ही शोधत होता ते सदोष अष्टक ते.