सिलिकॉनचे होज टाकले म्हणजे पाणी गळायचं थांबत नाही

ट्रकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो. इंजिनाचं काम काढलंय, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) मोठा बसवताय, तर जुने रबरी होज, म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमध्ये पाणी नेणाऱ्या नळ्या, फेका आणि सिलिकॉनचे टाका. आकार जुळला नाही तरी ते वळतात. साधी क्लिप कचकचून आवळा, आयुष्यभर बघायला नको. तरीही गाडी गरम झाली तर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका.

जुने होज बदला, एवढं बरोबर. इंजिन उघडलंच आहे तर बदलावेतच. रबरी होज बाहेरून धड दिसतो आणि आतून, क्लिपच्या जवळ, चिरत जातो. गार गाडीत तिथे बोटांनी दाबून बघा. मधल्या भागापेक्षा मऊ लागला तर त्याचे दिवस भरले.

सिलिकॉन उष्णता जास्त सोसतं, हेही खरं. होजचं नेहमीचं रबर (ईपीडीएम) साधारण १२५ अंशांपर्यंत टिकतं, चांगलं सिलिकॉन १७० च्या आसपास जातं. टर्बोला खेटून जाणाऱ्या पाईपला ते हवंच. पण साधं सिलिकॉन डिझेल आणि ऑइलने फुगतं. शिवाय त्याच्या भिंतीतून पाण्याची वाफ रबरापेक्षा जास्त झिरपते, म्हणून कुठेही थेंब न दिसता पाण्याच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरते. ‘बघायला नको’ म्हणणाऱ्याने हे सांगितलेलं नसतं.

आता क्लिप. गळती बहुतेक वेळा होजमधून नाही, जोडावरून होते. साध्या क्लिपच्या पट्टीला खाचा असतात. मऊ सिलिकॉनवर ती कचकचून आवळली की शेवेच्या साच्यातून पीठ निघावं तसं सिलिकॉन खाचांतून वर येतं आणि कापलं जातं. सिलिकॉनला आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप लागते. मोठ्या होजला स्प्रिंगवाली घ्यावी, कारण गरम-गार होताना होज फुगतो-आकसतो आणि तिचा ताण कायम राहतो. पहाटे गाडी थंड असताना जोडाखाली ओल दिसते आणि गरम झाल्यावर थांबते, ती याच आकसण्याची. क्लिप पाईपच्या टोकावरच्या गोल उठावाच्या मागे बसवायची, उठावावर नाही. होज चढवताना ग्रीस लावू नका. कूलंटचा, म्हणजे रेडिएटरमध्ये भरतो त्याच पाण्याचा, हात पुरतो.

‘वळतात’ हे सर्वांत घातक. सरळ होज कोपऱ्यावर दाबून वळवला की आतून चिमटतो आणि पाण्याची वाट अरुंद होते. वळण असेल तिथे वळणाचाच होज किंवा मध्ये धातूचा एल्बो. रेडिएटरच्या तळातून वॉटर पंपाकडे जाणारा होज पंपाच्या ओढीवर (सक्शनवर) असतो. त्यात स्प्रिंग किंवा जाड थर नसेल तर जास्त आरपीएमला तो चपटा होतो. चढावर भरलेली गाडी गरम होते, आणि हुड उघडेपर्यंत इंजिन आयडलवर आलेलं असल्याने होज पुन्हा गोल झालेला असतो. मग दोष रेडिएटरला. इंजिन रबरी फाउंडेशनवर हलतं, रेडिएटर चासीवर असतो, म्हणून होजमध्ये थोडी ढील हवीच. ताणून बसवलेला होज कितीही महाग असो, जोडातून सुटतो, आणि कसाऱ्यासारख्या घाटात उकळतं पाणी बाहेर येतं. ते ड्रायव्हरच्या हातावर, तोंडावर उडतं. म्हणूनच हा सल्ला वाचून मला राग येतो.

थर्मोस्टॅट काढल्याने पाणी जास्त फिरतं, हा समज तर उलटा. अनेक ट्रक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास उघडाच राहतो आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो. चढावर गाडी आणखी तापते, आणि थंडीत रिकामी असेल तर गरमच होत नाही. बीएस-६ गाडीत मग डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाईही अडते. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा टाका. त्याआधी रेडिएटरच्या जाळीतला कचरा, फॅनचा बेल्ट आणि कॅपचा दाब तपासा. काम झाल्यावर कूलंट हळूहळू भरून हवा काढा, आणि पहिल्या फेरीनंतर गाडी पूर्ण गार झाली की स्प्रिंग नसलेल्या क्लिपा एकदा बेताने आवळा.