आधी वेचणाऱ्या बायांना विचारा

"लोकाइले काय इचारतं? त्याइले काय समजते त्याच्यातलं?"

आमच्या तालुक्याच्या गावी, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, इमारतीत कापसाचं संग्रहालय करायचं घाटतंय. समितीवर माझा थोरला चुलतभाऊ आहे. आराखडा काढण्याआधी आसपासच्या लोकांना विचारून घ्या, एवढंच मी फोनवर म्हटलं होतं. त्यावर दादाचं हे उत्तर. नंतर घरच्या ग्रुपवरही तोच सूर लागला. चांगला आर्किटेक्ट नेमा, पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ बोलवा, शेतकरी कुठे संग्रहालय बघायला येतो?

वऱ्हाडात कापसाचं संग्रहालय करायचं आणि शेतकरी येणारच नाही हे आधीच ठरवून टाकायचं. मग ते बांधायचं कुणासाठी?

मी मँचेस्टरला राहते. इथल्या मँचेस्टर म्युझियममध्ये २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आशियाची गॅलरी उघडली. ब्रिटिश म्युझियम भागीदार होतं, म्हणजे तज्ज्ञांची वानवा नव्हती. तरीही काय मांडायचं हे ठरवायला दक्षिण आशियाशी नातं सांगणाऱ्या तीस जणांचा गट केला होता. म्हणून तिथे राजघराण्यांची ओळीनं मांडणी नाही, माणसांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत. हाफ टर्मला, म्हणजे शाळांच्या मधल्या सुट्टीत, गेलात तर नातवंडांना हाताला धरून आलेल्या आज्या दिसतात, आणि त्या पाटी वाचत नसतात, स्वतःच सांगत असतात.

"लोकांना विचारलं तर सेल्फी पॉइंट मागतील," हे दादाचं दुसरं म्हणणं. पण इथली म्युझियमं 'काय हवं?' असं विचारतच नाहीत. कापूस म्हटलं की तुमच्या मनात काय येतं, यातलं काय ठाऊक आहे, इथे काय बघायला मिळेल असं वाटतं, असे प्रश्न असतात. हे सगळं आराखड्याच्या आधी. मग पाट्यांचा मजकूर साध्या कागदावर छापून भिंतीला चिकटवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना वाचायला देतात. कळला नाही तर पुन्हा लिहितात. दालन उघडल्यावरही लोक कुठे रेंगाळतात आणि कुठून न थांबता पुढे जातात, ते कुणीतरी टिपत असतं. बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच एका माणसाचे फोटो छापले होते. खालच्या कपाटातली वस्तू नि तिची पाटी बघायला त्याला किती वाकावं लागतं, ते त्यांना दाखवायचं होतं. जन्मभर वेचणी करून जिची पाठ गेली आहे, ती बाई आपल्या जिनिंगमधल्या काचेच्या पेटीवर कशी वाकणार? आर्किटेक्टला हे कोण सांगेल?

समितीची यादी मी पाहिली आहे. चरखा, गांधीजींचा फोटो, जुनं जिनिंगचं यंत्र, जिनिंग काढणाऱ्या शेटजींचा अर्धपुतळा. शेतकऱ्याच्या घरात विचारा, पहिला शब्द 'भाव' येईल. कुणी १९७२ ला सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा त्या योजनेच्या, वेळच्या गाड्यांच्या रांगा सांगेल. कुणी २००२ नंतर आलेलं, बोंडअळीला दाद न देणारं म्हणून विकलेलं बीटी बियाणं आणि तरीही परतलेली गुलाबी बोंडअळी सांगेल. कुणी २०१७ ला यवतमाळकडे फवारणी करताना विषबाधेनं गेलेल्या माणसांविषयी बोलेल, आणि एखाद्या घरात माणूस काहीच न बोलता आत जाईल. यातलं एकही यादीत नाही. ज्याच्या घरात हे घडलं तो दारातून आत येऊन चरखा बघेल आणि परत जाईल. मग आपण म्हणणार, बघा, शेतकऱ्याला गोडी नाही.

दादानं साताऱ्याचा दाखला दिला. २०२४ ला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून वाघनखं आली, लोक आपोआप गेले, कुणी कुणाला विचारलं होतं? खरं आहे. पण लोक दर्शनाला म्हणून गेले होते, आणि हीच खरी का, हा वादही त्यांच्या कानावर होता. खुद्द त्या म्युझियमनं सांगितलं होतं की महाराजांनी वापरली ती हीच, याचा पुरावा नाही. भक्ती आणि शंका दोन्ही घेऊन आलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे आधी विचारल्याशिवाय ठरवता येत नाही.

इथल्या एका गिरणीगावातल्या छोट्या म्युझियममध्ये कापसाचं दालन बदलायचं होतं. दाराशी एक स्वयंसेवक बाई कागद घेऊन उभ्या होत्या. कापूस म्हटलं की काय आठवतं, असं त्यांनी मलाही विचारलं. मी पहिल्या वेच्याच्या आधीची सीतादहीची पूजा सांगितली. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि सगळ्यांचं लक्ष आमच्याकडे वळलं, हे सांगितलं. १८७० ला खामगावपर्यंत रेल्वे आली ती कापसासाठी, लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' म्हणून विकला जाई तो आमच्या उमरावतीकडचा, म्हणजे अमरावतीकडचा माल, हेही सांगितलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं. काउन्सिलकडे पैसे नाहीत, दालन अजून झालेलं नाही. तरी ट्रॅममधून घरी येताना मला भरून आलं होतं. इतकी वर्षं या देशात राहून तुझ्याकडचं काय आहे, हे मला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

म्हणून दादाचं शेवटचं वाक्य जास्त लागलं. "तू तं आता पावनी झालीस बाई." बाबांमागे शेत विकलं, सातबाऱ्यावर आमचं नाव राहिलं नाही, हे मला ठाऊक आहे. इथे मी 'तिकडची' आहे आणि तिकडे पाहुणी. त्या जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगावर आम्ही भावंडं खेळलो आहोत. तिथे काय मांडावं याबद्दल मला बोलायचं आहे आणि मी बोलणार. दादा म्हणेल, दुरून बोलणं सोपं आहे. असेल, पण म्हणून ते चूक ठरत नाही.

माझं नका ऐकू हवं तर. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर कॉलेजची दोन मुलं वही घेऊन बसवा. शाळेतल्या पोरांना विचारा, अडत्यांना विचारा, जिनिंगमध्ये हमाली केलेले म्हातारे अजून आहेत, त्यांना विचारा. वेचणीच्या बायांकडे संध्याकाळी घरी जा, दिवसा त्या भेटणार नाहीत. आर्किटेक्टचा पहिला हप्ता त्यानंतर द्या.