‘सहर अल-लयाली’ आणि मोना झकीवरचा राग

‘सहर अल-लयाली’ला चावट सिनेमा म्हणणाऱ्यांनी तो पाहिलाय तरी का, अशी मला दाट शंका आहे. इजिप्तचा, २००३ सालचा. अरबी सिनेमांचा विषय निघाला की कुणीतरी डोळे मिचकावत हे नाव काढतंच. बाबांनो, ज्या आशेने बघायला बसाल ते त्यात नाहीये. आहेत ती कैरोतल्या खात्यापित्या घरांतली चार तरुण जोडपी, आणि ती भांडतात. मनापासून, एकमेकांचं वर्म काढून भांडतात.

दिग्दर्शक हानी खलिफाचा हा पहिला चित्रपट, लेखक तामेर हबीबचीही पहिलीच पटकथा. नवखेपणाचा फायदा असा की काय बोलू नये हे या दोघांना अजून कुणी शिकवलेलं नव्हतं. पेरीला (मोना झकी) नवऱ्याच्या बाहेरच्या भानगडी कळतात. एक जोडपं लग्नाशिवायच एकत्र आहे. आणि एका घरात तर बायकोच शरीरसुखाबद्दल असमाधानी आहे, आणि ते ती मनात ठेवत नाही. हे ऐकणाऱ्या नवऱ्याच्या तोंडावर जे काही उमटतं ना, त्यापुढे दहा चुंबनदृश्यं फिकी आहेत.

माझं आवडतं जोडपं मात्र वेगळं. अम्र आणि फराह. अहमद हेल्मी आणि हनान तुर्क. (हेल्मी आणि मोना झकी खऱ्या आयुष्यात नवरा-बायको, सिनेमात मात्र दोघांच्या जोड्या दुसऱ्यांशी. हे मला फार आवडलं.) फराह पैसेवाल्या घरची आणि अम्रला ते रोज टोचतं. ‘त्यात काय एवढं?’ असं आपल्याला वाटू शकतं. पण इजिप्तमध्ये लग्न ठरवताना मुलाने फ्लॅट दाखवायचा, सोनं घालायचं, मेहेर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, द्यायचा. वर ‘क़ायमा’, म्हणजे घरातल्या सामानाची यादी, तिच्यावर सही करायची. उद्या बिनसलं आणि यादीतल्या वस्तू परत दिल्या नाहीत तर फौजदारी खटला होऊ शकतो. पुरुषपण असं जिथे कागदावर मोजून घेतात, तिथे सासऱ्याच्या श्रीमंतीत राहणारा जावई आतून किती खंगत असेल! हेल्मी एरवी विनोदी नट. इथे तो फार कमी बोलतो, आणि जे बोलतो ते कडवट.

हा सिनेमा कधी आला तेही बघा. १९६९ साली गायक-नट अब्देल हलीम हाफिज आणि नटी नादिया लुत्फीचा एक सिनेमा लोक चुंबनं मोजत बघायचे, अशा गप्पा तिकडे अजून रंगतात. आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याच इंडस्ट्रीत ‘स्वच्छ सिनेमा’ची टूम निघाली. नायिका नायकाच्या हाताला हात लावणार नाही, सहकुटुंब बघा, हसा, घरी जा. मोना झकी, हनान तुर्क या त्या सोज्वळ पिढीच्या लाडक्या मुली. त्यांच्याच तोंडी हे संवाद घालणं ही खरी खोडी होती. दुसरीकडे २००० सालच्या १ क्रमांकाच्या कायद्याने बायकांना ‘खुला’ घेता येऊ लागला होता, म्हणजे मेहेर परत करून, आर्थिक हक्क सोडून, नवऱ्याचा दोष सिद्ध न करता घटस्फोट. तेव्हा ‘मला जमत नाहीये’ म्हणणारी बायको ही नुसती पडद्यावरची कल्पना राहिली नव्हती. ती कोर्टात जाऊ शकत होती.

आता माझं भांडण. गोष्टी हाताबाहेर जायला लागल्यावर हे चार पुरुष काय करतात? अलेक्झांड्रियाला निघून जातात! समुद्र, मित्र, सिगारेटी, आठवणी. बायका मागे राहतात आणि मागचं सगळं निस्तरत बसतात. चित्रपटाला हे पळणं मनापासून गोड वाटतं, आणि तिथे माझं त्याच्याशी फाटतं. शेवटाकडे तर गाठी इतक्या भराभर सुटतात की पहिल्या तासात एवढं रक्त आटवलं कशाला, असं होतं.

ही फक्त माझी कुरकुर नाही, पुढे काय झालं ते पाहा. याच तामेर हबीबने २००७ मध्ये ‘तैमूर व शफीका’ लिहिला, नायिका पुन्हा मोना झकी. ती मंत्री होते, नायक तिचा अंगरक्षक आणि जुना प्रियकर. अखेर ती मंत्रिपद सोडते आणि त्याची होते. प्रेक्षक खूश. चार वर्षांत गाडी कुठून कुठे आली!

आणि मग जानेवारी २०२२. नेटफ्लिक्सचा पहिला अरबी चित्रपट आला, ‘अस्हाब वला अअज़्ज़’. मूळ इटालियन गोष्ट, मित्र जेवायला जमतात आणि सगळ्यांचे फोन टेबलावर उघडे ठेवतात. (याच गोष्टीवर आपल्याकडे २०२४ मध्ये अक्षय कुमारचा ‘खेल खेल में’ आला.) त्यात मोना झकी घरातून निघण्यापूर्वी कपड्यांखालून अंतर्वस्त्र काढून पर्समध्ये टाकते. दिसत काहीच नाही. तरी गदारोळ झाला. इजिप्तचे खासदार मुस्तफा बकरी चवताळले, एका वकिलाने तक्रार केली, नेटफ्लिक्सवर बंदी आणा म्हणेपर्यंत मजल गेली. कलाकारांची संघटना तिच्या बाजूने उभी राहिली, हे त्यातल्या त्यात बरं.

त्याच सिनेमात तिच्या नवऱ्याच्या फोनवर दुसऱ्या बाईचे फोटो येतात. ते लपवायला तो मित्राशी फोनची अदलाबदल करतो. ते काम करणाऱ्या इयाद नस्सारला कुणी संस्कृतीबद्दल जाब विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. अहमद हेल्मीला मात्र सोशल मीडियावर लोक विचारत होते, बायकोला असलं काम करू कसं दिलंस?