मावेजा आणि तारीख

परवा व्हिडिओ कॉलवर चुलतभावाला हॅपिसबर्गचं चर्च दाखवत होतो. लिहायचं हॅपिसबर्ग, म्हणायचं हेझब्रो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, नॉरफकमधलं लहानसं गाव. चर्चचा मनोरा पंधराव्या शतकातला, ११० फूट उंच. आणि समुद्र त्याच्याकडे सरकत येतोय.

भाऊ म्हणाला, ‘‘बघ, गोऱ्यांनी कसं जपलंय! आपल्याकडं असतं तर कवाच गेलं असतं.’’ आमच्या गावच्या ग्रुपवर हेच चालू असतं. एखाद्या हेमाडपंती देवळाचा दगड निखळला, की कुणीतरी युरोपातला फोटो टाकतं आणि खाली आपल्याला शिव्या.

मी त्याला कॅमेरा खाली धरून दाखवलं. डांबरी रस्ता मधेच तुटलेला, पुढे हवा. कडा म्हणजे खडक नव्हे, वाळू आणि चिकणमाती. वरून पाऊस मुरतो, खालून लाटा पोखरतात, मग पडवीची ओली भिंत बसावी तसा ढिगारा बसतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इथे लाकडी बंधारा घातला होता, त्याचे आता नुसते खुंट उरलेत. तो पुन्हा बांधायचा नाही, असं ठरलंय. लेखी ठरलंय! किनाऱ्याच्या आराखड्यात २०२५, २०५५ आणि २१०५ साठी रेषा मारल्यात, समुद्र कुठवर येईल त्याच्या. कारण सांगतात ते असं, की बंधाऱ्याचा खर्च मागच्या घरांच्या किमतीत बसत नाही, आणि इथला कडा ढासळतो तीच वाळू पुढच्या गावांचे किनारे राखते.

‘‘मग मावेजा?’’ नुकसानभरपाई, हाच त्याचा पहिला प्रश्न. मराठवाड्याचा माणूस दुसरं काय विचारणार?

मावेजा नाही. घर समुद्रात जायला लागलं, तर ते पाडायला जास्तीत जास्त ६,००० पौंडांचं अनुदान. २०१२ च्या सुमाराला खास योजनेत इथली नऊ घरं विकत घेऊन पाडली, तेवढा अपवाद. भाऊ गप्पच झाला. मग म्हणाला, ‘‘हे तर आपल्यापेक्षा बेक्कार.’’

एका बाबतीत बेक्कार, खरंय. पण आमचं गाव जायकवाडी धरणाच्या पाण्यात, नाथसागरात गेलं तेव्हाचं आजोबा सांगायचे. जायकवाडीची पायाभरणी शास्त्रीजींनी १९६५ साली केली, उद्घाटन इंदिराबाईंनी १९७६ ला. मधल्या वर्षांत बुडीत क्षेत्रात आपण आहोत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी कधी येणार, ते मात्र धड कुणी सांगेना. आजोबांना ते पेवानं, जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यानं सांगितलं. झाकण काढलं तर ज्वारीला आंबूस वास, हात घातला तर तळाशी ओल. पाणी वरून यायच्या आधी जमिनीतून आलं होतं. मग घाईघाईनं मारुती बैलगाडीत घातला आणि नव्या गावठाणात नेला. वाढीव मावेज्याचा दावा वडिलांच्या हयातीत निकाली निघाला नाही.

म्हणून मला विचाराल तर आपल्या वादात चर्च जपलं की देऊळ पाडलं हा मुद्दाच नाही. इंग्रज तारीख देतात, पैसे देत नाहीत. आपण पैसे कबूल करतो, तारीख देत नाही. आणि या दोन गोष्टी एकत्र मागितल्या, की तिकडचा साहेब नि इकडचा तलाठी सारखंच तोंड करतात.

चर्चच्या आवारात ११९ खलाशांची सामुदायिक कबर आहे. १८०१ मध्ये ‘इन्व्हिन्सिबल’ नावाची युद्धनौका या किनाऱ्याजवळ बुडाली, त्यातले. समुद्रानं एकदा घेतलेले, आता पुन्हा त्यांच्याच दिशेनं येतोय.

‘‘ह्यांना कोण उचलून नेणार?’’ भावानं विचारलं. मला सांगता आलं नाही.

संध्याकाळी भावानं फोटो पाठवला. धरण उतरलंय, जुन्या देवळाचा जोता उघडा पडलाय. मारुती तिथे नाही, पन्नास वर्षं झाली. जोत्यावर कुणीतरी ताजा शेंदूर लावलाय.