हजेरीपट

लॅपटॉप अडकला की शहाणी माणसं तो बंद करून पुन्हा चालू करतात आणि सुखी होतात. माझा स्वभाव चौकशीचा, त्यात मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स. म्हणून शनिवारी सकाळी ऐरोलीच्या ऑफिसातून ‘फाइल कुठाय?’ असे मेसेज येत असताना मी पाचपाखाडीच्या घरात टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून आत कोण काय करतंय ते बघत बसलो. नेमके तेव्हाच बाबा मामलेदारची मिसळ घेऊन आले.

बाबा एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. रकाने दिसले की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. आणि मशीनवरच्या सगळ्या प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, यादी देणारी ‘पीएस एयूएक्स’ ही आज्ञा मारली की रकानेच रकाने येतात.

“या टीटीवायच्या रकान्याखाली ही प्रश्नचिन्हं कसली?”

“तो टर्मिनलचा रकाना. त्यांना टर्मिनल नाही. ते पडद्यामागे काम करतात.”

“काम करतात हे तुला कोणी सांगितलं?”

मुद्दा रास्त होता. पीएस म्हणजे त्या क्षणाचा फोटो, चालता कारभार त्यात दिसत नाही. म्हणून ‘टॉप’ लावलं. विल्यम लफेव्हर यांनी १९८४ साली या नावाचा पहिला प्रोग्रॅम लिहिला. आमच्याकडचा दर तीन सेकंदांनी यादी नव्याने मांडतो. वर गोषवारा आला: एकूण २८४, चालू १, झोपलेले २८२, झोंबी १.

बाबांचा चेहरा उजळला. “एकटा काम करतोय! कोण रे तो?”

मी पाहिलं. तो खुद्द टॉप होता.

“म्हणजे हजेरी घेणारा,” बाबा चष्मा पुसत म्हणाले. “आमच्या ऑफिसात वेगळं काय होतं?”

झोंबीचं प्रकरण त्यांनी तासभर तरी चघळलं असतं. मी सांगितलं, की ही प्रोसेस संपलेली आहे, पण जिने तिला जन्माला घातलं त्या पालक प्रोसेसने तिचा शेवटचा अहवाल अजून वाचलेला नाही. तोवर नाव यादीत राहतं. मारता येत नाही, कारण मेलेलीच आहे.

“निवृत्त झालाय, साहेबाची सही राहिलीय. आणि साहेबच गेला तर?”

“मग एक नंबरची प्रोसेस त्याला दत्तक घेते आणि सही करून मोकळं करते.”

“अशी सोय आमच्याकडे नव्हती,” बाबा म्हणाले आणि तर्रीचा डबा उघडला.

खरी गोम निराळीच होती. सीपीयू जवळपास रिकामा आणि लोड, म्हणजे कामासाठी रांगेत असलेल्यांची सरासरी, नऊ! लिनक्स लोड मोजताना डिस्कची वाट बघत ताटकळलेल्यांनाही धरतं. त्यांच्या नावापुढे ‘डी’ असतो. चुलतभावाच्या लग्नाचा व्हिडिओ एका जुन्या हार्ड डिस्कवरून उतरत होता, आणि आठ-नऊ जण तिच्यापाशी खोळंबले होते. नुसतं ‘किल’ केलं की पंधरा नंबरचा सिग्नल जातो, म्हणजे सभ्य भाषेत ‘आवरा आता’. कोणी आवरलं नाही. मग नऊ नंबर. तो कोणाला धुडकावता येत नाही, असं पुस्तकात असतं. पण ‘डी’वाला जागा होईपर्यंत तो त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

“कागद वरून आल्याशिवाय हलणार नाही तो,” बाबा अनुभवाने म्हणाले.

एवढ्यात आई केर काढत आली. “ही वायर कसली मध्येच?” म्हणत तिने हार्ड डिस्कची केबल उपसली. डिस्कवर एरर आली, खोळंबलेले सुटले आणि लोडचा आकडा हळूहळू उतरू लागला. मी फाइल पाठवली.

बाबा मात्र नाराज. चौकशीविनाच प्रकरण निकाली निघालं होतं.

“पहिल्या नंबरवाल्याचं राहिलं. तो काय करतोय?”

“तोही झोपलाय.”

“साहेब ना तो?” बाबांनी आवाज खाली आणला. “मग उठवू नकोस. उठला की मीटिंग लावेल.”